रोहिणीच्या गुडघ्याचं विरजण

रवि. २० जुलै

रविवार, फोनचा दिवस. चिपळूणच्या वन्संचं बीपी बरं आहे, गोळी बदलली. भाऊजींचा खोकला तसाच, पण खोकल्यामागून आवाज खणखणीत येतो, म्हणजे चिंता नाही. समोरच्या कुलकर्णीबाईंचा मोतीबिंदू निघाला. आता म्हणतात, कमलताई, तुमच्या खिडकीवर किती धूळ आहे हो. मैत्रीण विद्याची कंबर. त्या कंबरेवर लिहायचं तर दुसरी वही आणावी लागेल. माझी तब्येत कुणी विचारत नाही, मीच सांगून टाकते.

सगळ्यात शेवटी रोहिणी, कारण तिथे वेळ लागतो.

"कसा आहे गं गुडघा?"

"आहे जागेवर."

हे तिचं नेहमीचं. भावाची एकुलती एक. भाऊ-वहिनी गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे माझी ही डोंबिवलीची तळमजल्यावरची खोली. कल्याणच्या शाळेत पोरींना खो-खो शिकवते. मागच्या वर्षी खांबाशी वळून दाखवताना पाय रुतला, आत काहीतरी निसटलं. तेव्हापासून जिना उतरताना कठडा धरते. चौतिशीतली पोर. तपासणीत निघालं की हाडाच्या टोकावर जे गुळगुळीत आवरण असतं, कूर्चा, तिला एका जागी भोक पडलंय. बाकी गुडघा शाबूत.

मंगळवारी ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे. मी जाणार. जावयांना रजा नाही म्हणे.

मंगळ. २२ जुलै

ठाणे. डॉक्टर बोलक्या स्वभावाचे निघाले, बरं वाटलं. माझ्यासारखीला पुस्तकातलं कळत नाही असं समजून बोलले नाहीत.

म्हणाले, कातडी भरून येते, हाड जुळतं, पण कूर्चेला रक्त पोचत नाही, म्हणून ती आपली आपण भरत नाही. तर करायचं काय, की गुडघ्याच्या कडेला जिथे वजन पडत नाही तिथून तांदळाच्या दाण्याएवढे कण काढायचे. ते प्रयोगशाळेत जातात. तिथे त्यातल्या पेशी वाढवतात, महिनाभर तरी. मग त्या एका नाजूक जाळीत पेरतात आणि ती जाळी भोकाच्या मापाने कापून आत चिकटवतात. पेशी जाळीला धरून नवं आवरण विणतात आणि जाळी मागाहून विरून जाते.

मी विचारलं, कारल्याचा मांडव घालतो तसं? वेल एकदा भक्कम झाला की मांडव कुजला तरी चालतो?

डॉ. हसले. "साधारण तसंच, आजी. फक्त वेल पेशंटचा स्वतःचा."

जाता जाता माझ्याही गुडघ्यांचे फोटो दाखवले. बघून म्हणाले, हिच्या मैदानात एक खड्डा पडलाय, तुमचं मैदानच उखडलंय. ही जाळी तुमच्या कामाची नाही. रो. एवढी हसली की बाहेरची सिस्टर डोकावून गेली.

मग तिनेच विचारलं, "डॉक्टर, पळता येईल का?"

"हमी देत नाही. पण तुमचं वय, वजन, खड्ड्याचं माप, सगळं तुमच्या बाजूने आहे. मी तरी पळवायच्या हिशेबानेच करणार."

रिक्षात म्हणाली, "आत्या, भेळ खायची?"

शनि. २ ऑगस्ट

आज कण काढले. दुर्बिणीची छोटी शस्त्रक्रिया, संध्याकाळी घरी सोडलं.

जावई आले होते, विहीणबाईपण. सुमनताई माणूस वाईट नाही. रो.ला न्हाऊ-माखू घालतात, शाळेचा डबा भरून देतात. पण दवाखान्यात पाऊल टाकलं की चेहरा पांढरा पडतो त्यांचा. बाकावर माझा हात धरून बसल्या.

"आत्याबाई, सुनेचं मांस काढून पाठवलं कुठे हो यांनी? आणि महिनाभर तिथे करणार काय त्याचं?"

मी म्हटलं, ताई, सोपं आहे. आपण विरजण लावतो ना? चमचाभर दही, पण त्यात जीव असतो. दूध मिळालं, ऊब मिळाली की पातेलंभर होतं. तसं हे. आपलंच दही, आपल्याच पातेल्यात परत.

त्यांचा चेहरा उजळला. "असं होय. मग डॉक्टर असं सरळ का नाही सांगत?"

पोळी-भाजी केंद्र चालवण्यात माझा जन्म गेला, सातवीपलीकडे शाळा पाहिली नाही. पण समोरच्याच्या स्वयंपाकघरातली वस्तू उचलून सांगितली की काहीही कळतं, हा माझा अनुभव. जावईसुद्धा मान डोलावत होते.

बुध. १३ ऑगस्ट

रो. बरी. काठी सोडली.

आमच्या बिल्डिंगला रंग लागतोय. खिडकीबाहेर बांबूंची परांची बांधलीय, दिवसभर माणसं कपबशी मागायला खिडकीशीच. वाचनालयातला मुलगा म्हणाला, तुम्ही विचारता त्या जाळीला इंग्रजीत जे नाव आहे, स्कॅफोल्ड, त्याचा अर्थ परांचीच होतो. चांगलं वाटलं. म्हणजे मांडव म्हटलं ते फार चुकलं नाही.

बहुतेक जाळ्या कोलॅजनच्या असतात. कातडीत, स्नायुबंधात जो चिवट पदार्थ असतो तो. भोकं फार बारीक असली तर पेशी आत शिरत नाहीत, फार मोठी असली तर धरून राहत नाहीत. शेवया गाळायची चाळणी आठवली. आठवली म्हणून लिहिलं, आता कुणाला सांगायची नाही. सगळ्यांना सगळं सांगत सुटते, अशी विद्याची तक्रार आहे.

सोम. १ सप्टेंबर

टिटवाळ्याला रो.च्या सासरी, गौरीजेवणाला. घरभर बायका. सुमनताईंनी मला हाताला धरून सगळ्यांपुढे नेलं. "ह्या आमच्या रोहिणीच्या आत्याबाई. हिच्या गुडघ्याचं विरजण लागलंय लॅबमध्ये, ऐका त्यांच्याकडून." मी पुन्हा सगळी कथा सांगितली. एक म्हातारी म्हणाली, "माझ्या कवळीचं पण लावा की गं बाई." हशा.

रो. जाता-येता पाणी देत होती. कानात म्हणाली, "आत्या, तू टीव्हीवर जा."

दुपारी हॉ.मधून फोन. पेशी हळू वाढतायत. ठरल्या वेळेला तयार होणार नाहीत, आणखी थोडे दिवस. डॉ. म्हणाले असं होतं कधीकधी, घाबरू नका. पण सगळ्या पेशी जाळीलाच लागतील, राखून ठेवायला काही उरणार नाही.

पुढच्या तारखा मोजून बघायला हव्यात, पण पुरणपोळीने डोकं जड झालंय.

शुक्र. ५ सप्टेंबर

तारीख आली. गुरुवार ११. सकाळी पेशी येणार, दुपारी ऑपरेशन.

तयारीला लागले. नंतर कित्येक आठवडे पाय जमिनीवर टेकवायचा नाही. टिटवाळ्याची लिफ्ट दिवसाआड बंद, म्हणून ती माझ्याकडे राहणार. पलंग न्हाणीच्या दाराजवळ सरकवला. कुलकर्णीबाईंकडून खुर्ची आणली. पांघरुणं धुतली. बरेच दिवसांनी या खोलीत दुसरं माणूस झोपणार.

रवि. ७ सप्टेंबर

फोनचा दिवस, पण आज पहिला फोन आला तो सुमनताईंचा.

"आत्याबाई, अकरा तारीख पितृपक्षात येते."

म्हटलं, येते खरी.

"मग पुढे ढकलू या ना. नवरात्रात करू, देवीच्या दिवसांत. मी महेशला सांगितलंय डॉक्टरांना फोन करायला."

मी समजावलं, ताई, हे आपल्या हातात नाही, त्या पेशी तयार झाल्या की थांबत नाहीत.

"अहो, तुम्हीच सांगितलं ना, विरजण आहे. दही लागलं की फ्रिजमध्ये आठवडा आठवडा राहतं. त्यांच्याकडे तर केवढाले फ्रिज असतील."

फोनवर अर्धा तास बोलले. ते दही नाही हो, म्हटलं. त्या म्हणाल्या, मग त्या दिवशी बरं दही होतं ते?

मंगळ. ९ सप्टेंबर

टिटवाळ्याला जाऊन आले. जावई महेशराव घरी होते. त्यांच्यासमोर डॉ.ना फोन लावला, स्पीकरवर. डॉ.नी स्वच्छ सांगितलं, एकदा जाळीत पेरून पाठवल्या की दोन-तीन दिवसांत वापरायच्या, नाहीतर मरतात. परत बर्फात ठेवता येत नाहीत. सुमनताई ऐकत होत्या. आत जाऊन कढी ढवळायला लागल्या.

महेशरावांना विचारलं, मग अकराला नक्की ना?

"हो आत्या. बघतो मी. आईला समजावतो."

रो. माझ्याबरोबर खाली रिक्षापर्यंत आली. एकेक पायरी दोन्ही पायांनी. म्हणाली, होईल गं.

मीही धरून चालले की होईल.

गुरु. ११ सप्टेंबर

पेन कागदात रुततंय. रागाने.

सकाळीच ठाण्याला पोचले. थर्मास, दोन गाऊन, तिची उशी. काउंटरवरची मॅडम म्हणाली, "आजी, तुम्ही कशाला आलात? पेशंटला ताप आहे ना. मिस्टरांचा फोन आलेला मघाशी."

तिच्यामागे टेबलावर पांढरा खोका. वर चिकटपट्टीवर रो.चं नाव, जन्मतारीख, डावा गुडघा. आला होता तो. वेळेवर आला होता.

बाहेर येऊन रो.ला फोन केला. पुष्कळ वेळाने उचलला.

"ताप किती आहे?"

मागे कुकरची शिट्टी झाली.

"रोहिणी, ताप आहे का?"

"नाहीये."

आत जाऊन डॉ.ना भेटले. जावयाला खोटं पाडलं नाही. म्हटलं, उतरतोय ताप, उद्यापर्यंत बरं वाटेल. डॉ. माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं असावं. म्हणाले, "आजी, ताप असेल तर मी गुडघा उघडणारच नाही, जंतू गेले तर पाय जाईल. नसेल तर उद्या आणा, परवा सकाळीही मी वेळ काढतो. परवा दुपारनंतर मात्र मी या पेशी वापरणार नाही."

उशी घेऊन परत आले.

शुक्र. १२ सप्टेंबर

टिटवाळा. चप्पल काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, ते चुकलं.

महेशराव खाली मान घालून. "आत्या, माझा इलाज नव्हता. मी बॅग भरून दारात उभा राहिलेलो. आई दारातच बसली."

सुमनताई शांत होत्या, त्याचीच भीती वाटली. मला आत नेलं. यांच्या यजमानांचा फोटो तिथे, उद्या त्यांची तिथी. म्हणाल्या, "हर्नियाचं ऑपरेशन होतं यांचं. साधं. याच पंधरवड्यात तारीख मिळाली. सासूबाई नको म्हणत होत्या. मीच म्हटलेलं, कसला पंधरवडा, करून टाका, रजा आहे तोवर. सही माझी आहे त्या कागदावर. सकाळी चालत गेलेला माणूस. आता सांगा, सुनेसाठी परत सही करू?"

मी म्हटलं, ताई, ते तेव्हा झालं, त्याचा या दिवसांशी काही संबंध नाही.

"नसेल. तुमचं वाचन आहे. मी दुसऱ्यांदा करून बघणार नाही."

कुणाच्या दुःखाशी कशी भांडणार मी. भांडले तरी. म्हटलं, तुमचा माणूस गेला म्हणून हिचा पाय घालवणार का. बोलून गेले.

मग रो. मला गच्चीवर घेऊन गेली. ठाण्याला मी अजून नेऊ शकते, असं म्हटलं. आत्ता रिक्षा करू, महेशरावही येतील, उद्या सकाळी ऑपरेशन. सही तू तुझी कर. तुझा गुडघा आहे.

"आत्या, मी तिथे झोपणार आणि ह्या बाहेर बाकावर बसणार, तेच सगळं आठवत. काही झालं नाही तरी आयुष्यभर मला ऐकायला लागेल की ऐकलं नाहीस. मला रोज याच घरात राहायचंय गं."

"आणि पळायचं?"

बोटाने कठड्याचा पोपडा काढत राहिली. मग म्हणाली, "खरंच नाही का ठेवता येत त्यांना? थोडे दिवस? मलाही वाटलेलं की ठेवत असतील. तू इतकं छान सांगितलेलंस."

म्हणजे तीसुद्धा. डॉ.नी इतकं सांगूनही तिच्या मनात माझंच दही बसलं होतं.

रात्र तिथेच काढली. सुमनताईंनी मला पातळ पांघरूण दिलं, म्हणाल्या, तुम्हाला जाड सोसत नाही ना. त्यांना आठवत होतं.

शनि. १३ सप्टेंबर

मला वाटलं होतं सकाळी उठून ती बॅग उचलेल. म्हणून थांबले.

सकाळी ती गॅसपुढे उभी होती. तिथीचा स्वयंपाक. वडे, खीर, भोपळा, कारलं, आमसुलाची चटणी. पीठ सुमनताईंनी भिजवलं, वडे तिने तळले. सगळा भार उजव्या पायावर, डावा टाचेवर टेकवून. मी म्हटलं, स्टूल घे. म्हणाली, स्टुलावर बसून तेल उडतं.

महेशराव भटजींबरोबर. मी कोपऱ्यात बसून भोपळा चिरत होते. दर थोड्या वेळाने हॉ.चा फोन येईल असं वाटत होतं. आला. मॅडमचा. "आजी, सर विचारतायत." मी फोन रो.च्या कानाला लावला. तिचे हात पिठाचे. ती म्हणाली, "सॉरी मॅडम, नाही जमत." एवढंच. कढईत पुढचा वडा सोडला.

पान घेऊन सगळे गच्चीवर गेले. कावळा लगेच आला. बसला, खीर सोडून वडा उचलला. सुमनताईंच्या डोळ्यांतून पाणी, म्हणाल्या, "आवडायचे यांना." खाली येऊन माझ्या पानात स्वतः वाढलं. जेवायचं नव्हतं, पण तिथीचं अन्न टाकवेना. वडे चांगले झाले होते.

दुपार झाली. मग ती पण टळली.

सोम. १५ सप्टेंबर

हॉ.ला मीच फोन केला. खोका काय केला, विचारलं. मॅडम बिचारी संकोचली. "नियमाप्रमाणे नष्ट करावं लागतं, आजी. पिवळ्या पिशवीत."

पलंग परत खिडकीशी सरकवला. खुर्ची कुलकर्णीबाईंना देऊन आले. त्यांनी विचारलं, एवढ्यात झालं? म्हटलं, झालं.

रवि. २१ सप्टेंबर

फोनचा दिवस. कुणाला केला नाही. भाऊजींनी उलट केला, तू आजारी आहेस का म्हणून.

सुमनताईंचाही आला. आज पंधरवडा संपला, आवाज मोकळा. "आत्याबाई, आता उद्यापासून देवी बसते. डॉक्टरांकडून नवी तारीख घ्या ना, तुमचं त्यांच्याशी चांगलं जमतं."

म्हटलं, ताई, ते गेलं. टाकलं त्यांनी.

"सगळं? थोडंसुद्धा राखलं नाही?" मग म्हणाल्या, "एवढं नाशवंत असतं हे तुम्ही आधी सांगितलं नाहीत."

मी भांडले नाही. सांगितलं होतं, डॉ.नी सांगितलं होतं, स्पीकरवर. पण त्याच्या आधी मी दुसरं काहीतरी सांगून बसले होते, आणि ते गोड होतं. त्या दिवशी बाकावर त्यांचा हात गार पडला होता, म्हणून सांगितलं. अजून कुणाचा हात गार पडला तर मी हेच करीन, हे मला माहीत आहे. त्याचाच जास्त राग येतो.

गुरु. २ ऑक्टोबर

दसरा. रो. सोनं द्यायला आली, एकटी. बसताना खुर्चीचे दोन्ही हात धरून बसली. पूर्वी एकच धरायची.

शाळेतलं सांगितलं. खो-खोचा संघ दुसऱ्या बाईंकडे दिलाय. हिला कार्यालयात बसवलंय, हजेरी भरायला. "तात्पुरतं आहे," म्हणाली. खिडकीतून मैदान दिसतं म्हणे. पोरी सुटताना फार वाकतात, नवीन बाई सांगत नाही.

"तू सांग की जाऊन."

"कशी जाऊ? जिना आहे ना मध्ये."

महेशरावांबद्दल मी विचारलं नाही. तीच म्हणाली, ते आता फार चांगले वागतात. पाणीसुद्धा हातात आणून देतात. यात चांगलं काय ते तिला ठाऊक.

मंगळ. ७ ऑक्टोबर

पुन्हा ठाणे. मी ओढून नेलं तिला.

डॉ. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं. नवा फोटो बघितला. खड्ड्याची कड आणखी ढासळलीय. म्हणाले, परत करता येईल. पण परत कण काढावे लागतील, आणि ज्या कडेचे पहिल्यांदा घेतले ती आता रिकामी आहे. दुसऱ्या बाजूने घ्यावे लागतील, तिथे जागा कमी. शिवाय पहिल्या वेळीच पेशी हळू वाढल्या होत्या. या वेळी पुरेशा होतील का, सांगता येत नाही. आणि खड्डा असाच मोठा होत गेला तर पुढे जाळी बसवायला काठच राहणार नाही. मग तुमच्या आत्यांच्या रांगेत.

"दिवाळीआधी मला हो किंवा नाही सांगा. त्यानंतर मी स्वतःच नको म्हणेन."

रो.ने विचारलं, "सर, पळायचं राहू दे. नुसतं नीट चालता यावं, एवढ्यासाठी करायचं का?"

डॉ.नी टेबलावरचा प्लॅस्टिकचा गुडघा उचलला, परत ठेवला. "तुम्ही आधी पळण्याचं विचारलेलं," म्हणाले.

रिक्षात ती म्हणाली, विचार करून सांगते. मी म्हटलं, विचार कुणाशी करणार? भेळेचं मीच विचारलं. नको म्हणाली.

शनि. ११ ऑक्टोबर

चार दिवस झाले, काही नाही. मेसेज केला, वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. फोन महेशरावांनी उचलला. "आत्या, ती जरा झोपलीय." भर दुपारी.

मागून सुमनताईंचा आवाज येत होता, "विचार त्यांना, या वेळेला नीट मुहूर्त बघून तारीख मिळेल का." म्हणजे त्या तयार आहेत. किंवा तयार नाहीत. मला आता कळेनासं झालंय. महेशराव म्हणाले, आईचं ऐकू नका, ती ठरवेल तसं. ती म्हणजे कोण, विचारणार होते. फोन ठेवला गेला.

चकल्यांची भाजणी दळून आणली. हात कामाला लागला की जीभ गप्प राहते, तेवढं तरी.

रवि. १२ ऑक्टोबर

आज कुणाची चौकशी नाही. मोबाइलवर टाइप करताना बोट भलतीकडे पडतं, म्हणून आधी इथे लिहिते, मग बघून पाठवते.

रोहिणी, बाळा,

या वेळी मी काही समजावणार नाही. तुला नाही आणि तुझ्या सासूबाईंनाही नाही. दही नाही, वेल नाही, काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते तू कानांनी ऐकलंस, तेवढंच खरं.

पुन्हा कण द्यायचे की नाही हे कुणालाही न विचारता ठरव. मलाही विचारू नकोस. हो म्हणालीस तर पलंग पुन्हा सरकवते, मला काही जड नाही. नाही म्हणालीस तर मी रागावेन, हे तुला माहीतच आहे, खोटं कशाला बोलू. रागावेन आणि चकल्यांचा डबा घेऊन येईन.

दारात परत कुणी बसलं तर काय करशील, याचं उत्तर मात्र आधी शोधून ठेव. माझ्याकडे ते नाही. ओलांडून ये असं सांगणं मला सोपं आहे, मी डोंबिवलीला राहते.

खुणा निळ्या झाल्या की मला वाटतं आता लिहिशील, आणि मी हातात फोन धरून बसते. भाजणी तशीच राहते. दिवाळी आली गं. दोन अक्षरं लिहिलीस तरी पुरे, कुठलीही दोन. पण तुझ्या हाताने लिही, महेशरावांकडून निरोप नको. आणि लवकर लिही.